सेवेच्या ठिकाणी मन खचले असता विश्वास आणि उभारी कोठून मिळवावी?

सातपुड्यातून (प्रश्न)

सर्वांना सलाम. पुण्याजवळच्या एका मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाबरोबर मी नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात सेवेसाठी आले आहे. पाड्यावरील मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवणे, आरोग्य शिबिरात मदत करणे आणि रविवारी तेथील लहानशा मंडळीबरोबर उपासना करणे असे आमचे काम ठरले होते. दिवाळीनंतर आम्ही येथे पोहोचलो आणि थोड्याच दिवसांत ज्या मुलांसाठी वर्ग उघडायचा होता, त्यांपैकी बरीचशी आईवडिलांबरोबर ऊसतोडीसाठी गुजरातेत निघून गेली. आता पाड्यावर म्हातारी माणसे, काही बाळंतिणी आणि मोजकी मुले उरली आहेत.

पाणी खालच्या झऱ्यावरून आणावे लागते, पावरी भाषा अजून नीट कळत नाही, फोनला रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते आणि रात्रीची थंडी सोसवत नाही. तरीही हे सर्व सहन करता येते. माझ्याबरोबर आलेली मैत्रीण तापाने आजारी पडून घरी परतली, तेव्हापासून मात्र माझे मन स्थिर नाही. त्यातच आमच्या गटातील दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांमध्ये वाद झाला आहे. मुले कमी असली तरी याच पाड्यावर राहावे असे एकाचे म्हणणे आहे, तर रस्त्यालगतच्या मोठ्या गावात काम हलवावे असे दुसऱ्याचे. दोघेही प्रार्थनाशील आहेत, दोघेही देवाची इच्छा आपल्याला कळली आहे असे सांगतात आणि जेवताना एकमेकांशी बोलत नाहीत.

मी सकाळी शास्त्र उघडून बसते, परंतु वाचलेले मनापर्यंत पोहोचत नाही. प्रार्थनेचे शब्द तोंडातून निघतात आणि तेथेच संपतात. मलाही अधूनमधून कणकण वाटते, परंतु आणखी एक जण आजारी झाली असे म्हणवून घेणे जिवावर येते. घरच्या मंडळीला पाठवायच्या पत्रात काय लिहावे तेही समजत नाही, कारण तेथे सर्वांना आनंदाच्या साक्षी ऐकायच्या आहेत. अशा काळात आपण विश्वास कसा टिकवलात आणि परत जाण्याचा विचार मनात येणे हा अविश्वास आहे का, हे अनुभवी बंधुभगिनींनी कृपया सांगावे.

निवृत्त पाळक, नगर

ताई, सलाम. आपले पत्र वाचून प्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. आपण जे लिहिले आहे, ते लिहिण्याचा अधिकार पवित्र शास्त्रानेच आपल्याला दिलेला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा सातवा अध्याय पुन्हा काढून पाहा. मासेदोनियात पोहोचल्यावर आपल्या देहाला जराही स्वास्थ्य नव्हते, बाहेर भांडणे होती आणि आत भीती होती, असे प्रेषित पौल कोणताही आडपडदा न ठेवता लिहितो. हे लिहिणारा मनुष्य ज्या मंडळीची काळजी वाहत होता, तिलाच हे सांगत होता. पुढे तो म्हणतो की दीनांचे सांत्वन करणाऱ्या देवाने आमचे सांत्वन केले, ते तीताच्या येण्याने. या ठिकाणी कोणता दृष्टान्त झाला नाही, स्वर्गातून वाणी आली नाही. एक ओळखीचा सहकारी वाट तुडवत आला, त्याने करिंथची बातमी आणली आणि प्रेषिताच्या मनाला उभारी आली. मला वाटते, सेवेतील उत्तेजनाविषयी आपण फार वेळा चुकीच्या दिशेने वाट पाहतो. मन आतून पेटून उठेल म्हणून थांबतो, आणि देव मात्र दाराशी कोणाला तरी उभे करतो.

जुन्या करारातील एलीया संदेष्ट्याचे तसेच झाले. कर्मेल डोंगरावरचा विजय ताजा असतानाच तो रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले आणि पुढची वाट तुला झेपायची नाही हे मान्य केले. पुढे होरेब डोंगरावर देव बोलला, तेव्हाही त्याला मिळालेल्या आज्ञांमध्ये अलीशाला अभिषेक करण्याची आज्ञा होती. ‘मी एकटाच उरलो’ असे म्हणणाऱ्याला देवाने एक सोबती दिला. म्हणून आपल्याला विचारतो, मैत्रीण गेल्यापासून आपण कोणाबरोबर प्रार्थना करता? एकटीने करत असाल, तर शब्द तेथेच संपतात यात नवल नाही. पाड्यावरच्या मंडळीतील एखाद्या वृद्ध बाईला आपल्यासाठी तिच्या भाषेत प्रार्थना करायला सांगा. भाषा कळली नाही तरी चालेल.

आमच्या भागातील इतिहासातील एक उदाहरणही देतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले सेवक 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना राहू देण्यास नकार दिला होता आणि परत जाण्याचा हुकूम झाला होता. नॉट प्रकृतीमुळे 1815 मध्ये परतले. मागाहून आलेले सॅम्युएल न्यूएल 1821 मध्ये मुंबईत पटकीने (कॉलऱ्याने) वारले. त्यांची पत्नी हॅरिएट त्याआधीच, 1812 मध्ये, मॉरिशस बेटावर अवघ्या एकोणिसाव्या वर्षी मरण पावली होती. हॉल यांनी आजारपणामुळे पत्नी व मुलांना 1825 मध्ये अमेरिकेस पाठवले आणि ते मागे राहिले. पुढच्या मार्चमध्ये ते नाशिककडे प्रवासाला गेले, तेथे पटकीची साथ होती, जवळची औषधे आणि पुस्तके संपेपर्यंत त्यांनी ती वाटली आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने 20 मार्च 1826 रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते एकेचाळीस वर्षांचे होते. ज्या मराठी नव्या करारावर त्यांनी श्रम घेतले, तो त्याच वर्षी छापून झाला. मिशनचे नगरचे ठाणे उघडले ते 1831 मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात. आज नगर जिल्ह्यात ज्या मंडळ्या उभ्या आहेत, त्यांतील एकही हॉल यांच्या दृष्टीस पडली नाही. पाड्यावरची मुले निघून गेली म्हणून आपले येणे व्यर्थ ठरले असे आपल्याला वाटत असेल, तर तो हिशेब आपल्याला आज करता येणार नाही.

परिचारिका

पाळकसाहेबांविषयी पूर्ण आदर राखून मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. मिशन रुग्णालयात आणि आदिवासी भागातील शिबिरांत मी अनेक वर्षे काम केले आहे. ताई, आपल्या पत्रातील ‘कणकण’ हा शब्द वाचून मी थांबले. सोबतची मुलगी तापाने आजारी पडली आहे, आपणही त्याच ठिकाणी राहत आहात, तेच पाणी पीत आहात आणि अधूनमधून थंडी भरते आहे. तेव्हा सर्वांत आधी गावच्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिवतापासाठी रक्त तपासून घ्या. बोटातून थेंबभर रक्त घेऊन तेथल्या तेथे निदान करणारी किट आशाताईंकडे असते आणि तपासणी विनामूल्य होते. झऱ्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे थेंब घालूनच प्या. मैत्रिणीला नेमका कोणता ताप होता हे तिच्या घरच्यांकडून विचारून घ्या, कारण त्यावरून इतरांनी काय काळजी घ्यायची ते ठरते. अशक्त शरीरात प्रार्थना जड होते, हे मी खाटेवरच्या कितीतरी भक्तिमान माणसांच्या बाबतीत पाहिले आहे. त्याला आत्मिक दोष समजून स्वतःला छळू नका.

हॉलसाहेबांच्या मरणाची कथा मलाही प्रिय आहे, परंतु तापाने फणफणलेल्या तरुण मुलीला ती सांगताना जपले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. त्या काळी पटकीवर उपाय नव्हता, आज आहे. सहन करण्यावाचून गत्यंतर नसलेले दुःख वेगळे आणि तपासणी टाळून ओढवून घेतलेले दुःख वेगळे. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताचा उल्लेख आहे. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला पौलाच्या सेवेसाठी पाठवले होते, तो तेथे मरणोन्मुख झाला आणि आपण आजारी असल्याचे घरी कळले म्हणून तो कासावीसही झाला. आपल्याला हे ओळखीचे वाटेल. पौल त्याला परत पाठवतो आणि मंडळीला सांगतो की प्रभूमध्ये पूर्ण आनंदाने याचा स्वीकार करा आणि अशांचा मान राखा. परतलेल्या सेवकाला मान देण्याची आज्ञा शास्त्रात लिहिलेली असताना आपल्या मंडळ्यांत त्याच्याकडे संशयाने पाहिले जावे, हे मला फार खटकते. आपल्या मैत्रिणीलाही हा भाग वाचायला पाठवा. ती सध्या आपल्यापेक्षा अधिक खचलेली असण्याची शक्यता आहे.

माझ्या मनाला या बाबतीत पंडिता रमाबाई अधिक जवळच्या वाटतात. लहान वयात दुष्काळातच त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली होती, स्वतः उपासमार भोगली होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा ती भूक त्यांना पाहताक्षणी ओळखता आली. तेथून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुणे शहरात ठेवता येईना, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवावे लागले, जेथे पुरेसा निवाराही नव्हता. तेथे प्रथम अन्न, स्वच्छता, औषध आणि अंगावर वस्त्र यांची व्यवस्था झाली, मग शिक्षण आणि मग बाकीचे सर्व. ज्या देहांची काळजी रमाबाईंनी इतक्या कसोशीने घेतली, तसाच देह आपल्यालाही देवानेच दिला आहे.

नवापूरकर

ताई, सलाम. मी याच जिल्ह्यातला, आदिवासी ख्रिस्ती घरातला आहे. माझ्या आजोबांनी विश्वास स्वीकारला, त्याला आता दोन पिढ्या झाल्या. म्हणून थोडे आमच्या बाजूने लिहितो.

आपली मुले ‘निघून गेली’ असे आपण लिहिले आहे. ती दरवर्षी जातात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणे आणि होळीला परत येणे हे येथील पुष्कळ कुटुंबांचे वार्षिक चक्र आहे. होळी हा सातपुड्यातील सर्वांत मोठा सण असल्याने त्याआधीच्या भोंगऱ्या बाजाराला आणि होळीला माणसे कोठूनही आपल्या पाड्यावर येतात. शहरातून येणाऱ्या गटांनी आपले वेळापत्रक ठरवण्यापूर्वी गावातल्या एका माणसाला जरी विचारले, तरी ही निराशा टळेल. हा दोष आपल्या एकटीचा नाही, गट पाठवणाऱ्यांचा आहे आणि त्यांनी तो सुधारावा असे मी आग्रहाने म्हणेन.

आपण पाड्यावर उरलेल्यांची यादी दिली आहे. म्हातारी माणसे, बाळंतिणी, मोजकी मुले. ताई, आपली मंडळी हीच आहे. मुले नाहीत म्हणून काम नाही असे ज्या सहकाऱ्यांना वाटते, त्यांनी या म्हाताऱ्यांजवळ बसावे. मुले-सुना सगळी ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाचे दिवस कसे जातात, दुखले-खुपले तर त्याला दवाखान्यात कोण नेते, लाकूडफाटा कोण आणतो, हे विचारावे. विश्वासाच्या बाबतीत मी तर म्हणेन की आपण त्यांच्याकडूनच घ्यावा. ज्या आजीने तरुणपणी दुष्काळ पाहिला, पोटची लेकरे पुरली आणि तरीही जी रविवारी सर्वांच्या आधी येऊन जमीन सारवते, तिला प्रभूने आजवर कसे सांभाळले हे विचारायला भाषा थोडी कमी पडली तरी अडत नाही. आमच्याकडे बाहेरून येणारे बहुतेक जण देण्यासाठी येतात. फार थोडे घेण्यासाठी बसतात, आणि आमच्या लोकांना तेच लक्षात राहतात.

गाव आपल्याकडे संशयाने पाहत असेल, तर त्याचेही वाईट वाटून घेऊ नका. येथे अनेक जण आले, फोटो काढून गेले. पुन्हा कोण येते, हे लोक पाहत असतात.

सातपुड्यातून

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. परिचारिका भगिनींचे वाचून मी आशाताईंकडे जाऊन तपासणी केली. हिवताप नाही, परंतु अशक्तपणा बराच आहे आणि काही दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी असे आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी सांगितले आहे. नवापूरच्या दादांनी लिहिल्याप्रमाणे एका आजींजवळ बसू लागले आहे. त्या बोलतात त्यातले निम्मे कळते, परंतु माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली तेव्हा मला रडू आले आणि मन बरेच हलके झाले.

दोन प्रश्न मात्र उरले आहेत. आमच्या दोन ज्येष्ठांच्या वादात आम्हा धाकट्यांनी काय करावे? आणि घरच्या मंडळीला पत्र कसे लिहावे?

वसईचा वाचक

जय येशू. मी कॅथलिक असल्याने पद्धती थोड्या वेगळ्या असतील, तरी प्रार्थनेचे शब्द तेथेच संपतात असे आपण लिहिले होते, त्याविषयी एक सांगतो. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की गरिबांमध्ये काम सुरू केल्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाच्या जवळिकीचा अनुभव क्वचितच आला होता. पुष्कळांना धक्का बसला. मला मात्र त्याने फार मोठा आधार दिला आहे, कारण त्या सर्व वर्षांत त्यांची पहाटेची प्रार्थना चुकली नाही, रोग्याची जखम धुण्याचे थांबले नाही, आणि आपल्या मनात काय चालले आहे ते त्या आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना सांगत राहिल्या. भावना नसतानाही पाळलेला नेम हा खोटेपणा असतो असे आजच्या तरुणांना वाटते. माझे मत अगदी उलट आहे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा स्तोत्रसंहितेतील शब्द उसने घ्यावेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी कोठेही समाधान नाही, आणि तरीही ते सारे देवाला उद्देशून म्हटलेले आहे. रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी एक स्तोत्र मोठ्याने म्हणा आणि काही वाटले की नाही याची तपासणी करत बसू नका.

निवृत्त पाळक, नगर

परिचारिका भगिनींनी घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. हॉल यांची कथा फळाची वाट न पाहता काम करण्याविषयी होती, औषध टाळण्याविषयी नव्हती, परंतु ऐकणाऱ्याची अवस्था पाहूनच ती सांगावी, हे त्यांचे म्हणणे योग्य आहे.

वादाविषयी सांगायचे तर, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा पंधरावा अध्याय हा आमच्या सर्व सेवकांनी वर्षातून एकदा तरी मिळून वाचण्यासारखा आहे. योहान मार्क पंफुल्यातून काम सोडून परतला होता, त्याला पुन्हा बरोबर न्यावे की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला आणि पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकिया या प्रांतांत गेला. हे पुस्तक लिहिणारा लूक कोणाची बाजू घेत नाही, कोणाला दोषी ठरवत नाही आणि वाद झाकूनही ठेवत नाही. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल त्याच मार्काला घेऊन ये म्हणतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. तेव्हा दोन प्रार्थनाशील माणसांचे मत जुळत नाही म्हणून देव तेथे नाही, असा निष्कर्ष काढू नये. आपण धाकट्यांनी बाजू घेऊ नका, एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवू नका, आणि गटाला पाठवणाऱ्या पाळकांना प्रत्यक्ष येण्याची विनंती करा. टेकडीवरून फोन करून असे वाद मिटत नाहीत. कामाची जागा ठरवण्यापूर्वी नवापूरकर बंधूंनी म्हटल्याप्रमाणे पाड्यावरच्या मंडळीलाही विचारावे. मला तर वाटते, या वादात आजवर त्यांचेच मत कोणी घेतलेले नसावे.

पत्रात जसे आहे तसे लिहा. मुले ऊसतोडीला गेली आहेत, मैत्रीण आजारी पडली, मतभेद आहेत, माझी प्रकृती ठीक नाही, एका आजींनी माझ्यासाठी प्रार्थना केली. सहकाऱ्यांची नावे आणि वादाचा तपशील तेवढा वगळा, कारण ती गोष्ट पाळकांशी बोलण्याची आहे. आपली मंडळी आनंदाच्या साक्षींची वाट पाहत असेल, परंतु नेमके कशासाठी प्रार्थना करावी हे कळले तर ती अधिक मनापासून प्रार्थना करील, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आणि डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती पाड्यावर मिळत नसेल, तर घरी जाऊन घ्या. होळीच्या सुमारास प्रकृती सुधारली, तर मुलेही तोवर परतलेली असतील. नवापूरकर बंधूंनी अनुमती दिली, तर त्या वेळी त्यांनाच आपल्या गटाबरोबर पाड्यावर येण्याची विनंती करावी, असे सुचवतो.

नवापूरकर

अवश्य येईन. भोंगऱ्या बाजाराचा दिवस धडगावला कोणता आहे ते नक्की झाले की येथेच कळवतो. ताईंनी तोपर्यंत घरी जाऊन पोटभर जेवावे.